पाण्याकडे लक्ष

"क्युरिंग तर मीच करते ना सायेब," पद्माबाई एकदम बोलून गेली.

डॉक्टर नुकतेच म्हणाले होते, "ह्याला क्युअर नाही." बोलता बोलता ते पुढच्या माणसाचे कागद ओढून घेत होते, ते थांबले. "काय करता?"

"क्युरिंग. वारंगा फाट्याला. हळदीच्या गोदामाचं काम चालू हाय, तिथं."

बाहेर बाकड्यांवर माणसं दाटीनं बसलेली, दारातून दोघे-तिघे डोकावत होते. नांदेडच्या त्या दवाखान्यात सकाळपासून गर्दी होती आणि ही बाई काय सांगते आहे हे समजून घ्यायला डॉक्टरांना सवड नव्हती. "बरं, बरं," ते म्हणाले. "हे बघा बाई, दोन्ही किडन्या खराब झाल्यात. आता फक्त सांभाळायचं. गोळ्या चुकवू नका. आणि पाण्याकडे लक्ष ठेवा. पंधरा दिवसांनी या."

"पाण्याची काळजीच नका करू सायेब. पाण्यात माझा हात धरणारं कुनी न्हाई."

शेजारी स्टुलावर बसलेला तिचा नवरा, रत्नपाल, कौतुकानं हसला. त्याच्या पायांना इतकी सूज होती की चपला हातात घेऊन तो आत आला होता. तरीही हसला. आपली बायको डॉक्टरशी अशी धीटपणे बोलते याचा त्याला नेहमीच अभिमान होता.

आता यात डॉक्टरांचं काय चुकलं? आणि पद्माबाईचं तरी काय चुकलं? मला विचाराल तर चुकलं त्या शब्दाचं. इंग्रजी शब्द आपल्याकडे एकटेच येतात. आईबाप, भाऊबंद सगळे तिकडेच ठेवून येतात. मग ज्याच्या घरी जो शब्द पहिल्यांदा उतरला, त्या घरचाच तो होऊन जातो.

पद्माबाईकडे हा शब्द राहिल साहेबांनी आणला. त्याआधी कितीतरी वर्षं ती बांधकामावर पाणी मारायला जायची आणि लोक तिला 'पाणी मारणारी बाई' म्हणायचे. कॉलमला बारदान गुंडाळायचं, ते सकाळ-दुपार-संध्याकाळ भिजवायचं. स्लॅबवर सिमेंटचे छोटे बांध घालून आळी करायची, त्यांत पाणी तुंबवून ठेवायचं. मजुरीच्या कामांत हे सगळ्यात खालचं, म्हातारीकोतारीला देतात ते. राहिल हा गोदामावरचा इंजिनियर, कळमनुरीचा पोरगा, नुकताच शिकून आलेला. त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "मावशी करतात ते नुसतं पाणी मारणं नाही, क्युरिंग आहे. क्युरिंग नीट झालं नाही तर हे सगळं सिमेंट, सगळं लोखंड पाण्यात गेलं समजा." त्या दिवसापासून कोणी विचारलं, की पद्माबाई सांगायची, "मी क्युरिंगला हाय."

आणि राहिलची बोलण्याची तऱ्हा ठरलेली होती. एखाद्या कॉलमवर बोट फिरवायचा, कोरडा लागला की म्हणायचा, "मावशी, ह्याला क्युरिंग नाही. तडे जातील. पाण्याकडं लक्ष ठेवा."

म्हणजे नांदेडच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं, अगदी त्याच शब्दांत. तिला वाटलं, आपल्या माणसाला आतून तडे चाललेत आणि ते आपल्याला कळलं नाही. संतरामच्या हॉटेलात रत्नपाल वर्षानुवर्षं खिचडीच्या पातेल्यापुढे उभा असायचा. फाट्यावर गाडी थांबली की लोक उतरून आधी खिचडी मागतात, त्याला बसायलाही मिळायचं नाही. त्या आगीनंच त्याच्यातलं पाणी आटलं, असं तिनं परतीच्या एसटीत मनाशी नक्की करून टाकलं आणि तिला हायसं वाटलं. पाणी द्यायचंच तर आहे! ऑपरेशन नाही, काही नाही. जे आपल्या हातात आहे तेच नेमकं डॉक्टरांनी सांगितलं.

मग ती लागली कामाला. पहाटे उठल्याबरोबर तांब्याभर पाणी, कामावर जाण्याआधी परत एकदा, आणि मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन पुन्हा. शेजारच्या इशरतभाभीला तिनं बजावून ठेवलं, "भाभी, तेवढं दुपारच्याला बघत जा. ह्यायला पाणी पाजायचं डॉक्टरनं सांगितलंय." इशरतभाभी बिचारी नेमानं तांब्या घेऊन यायची. रत्नपालला ते जात नव्हतं. पोट तटतटायचं, मळमळायचं.

"अगं, मी काय कॉलम हाव का?" तो एकदा वैतागून म्हणाला.

"कॉलमच हाव तुमी. ह्या घराचा. प्या गुमान."

तो हसला आणि प्यायला. बायको हौसेनं करते आहे, तिचं मन कशाला मोडा, एवढाच त्याचा विचार.

आठवडाही झाला नसेल. पद्माबाई स्लॅबवर होती, उन्हात आळी भरत होती, तेव्हा इशरतभाभीचा फोन आला. "पद्मा, जल्दी ये. भाऊला दम लागलाय. बसूबी येईना, झोपूबी येईना. मुंह पे सब सूजन आ गई."

जीपमध्ये तो तिच्या खांद्यावर रेलून बसला होता आणि माशासारखा तोंड उघडत होता. त्याच्या छातीतून घुर्रर्र असा आवाज येत होता. भरलेल्या घागरीतून हवा निघताना येतो तसा. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मधेच बाटली त्याच्या तोंडाला लावत होती. हे तिला पुढे आठवलं की ती अंथरुणात उठून बसायची. जीपमध्येसुद्धा मी पाजत होते.

हिंगोलीच्या दवाखान्यात त्याला रक्त साफ करायच्या मशीनला लावलं. तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या चिडूनच. "एवढं पाणी कोणी पाजलं ह्यांना? फुप्फुसात पाणी भरलंय! किडनीच्या पेशंटला पाणी म्हणजे विष असतं, सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

पद्माबाईची मुलगी राणी शिरड शहापूरहून निघून नुकतीच पोचली होती. तिनं आईकडे पाहिलं. पद्माबाईनं हातातली पाण्याची बाटली पदराखाली घेतली.

दुसऱ्या दिवशी रत्नपाल जरा शुद्धीवर आला, तेव्हा राणीनं त्यालाच विचारलं. "बाबा, पाणी कुनी दिलं?"

त्यानं एकदा पद्माबाईकडे पाहिलं. "कुनी न्हाई," तो म्हणाला. "मीच पेलो. चोरून. ती कामावर गेली की."

"लेकरासारखं करता का तुमी? मायनं किती करायचं तुमचं?"

"चुकलं," रत्नपाल म्हणाला.

पद्माबाई उठून वऱ्हांड्यात गेली. तिथं लोखंडी बाकड्याला धरून ती रडली. आवाज न करता, पदर दातात धरून. आपण याला मारायला निघालो होतो आणि हा आपल्याला वाचवतो आहे. तिला वाटलं, आत जावं आणि सगळं ओरडून सांगावं. पण राणीनं परत आपल्या तोंडाकडे पाहिलं तर काय, या भीतीनं ती गेली नाही.

कामावर गेल्याशिवाय चालणार नव्हतं. ती गेली. राहिल गेटपाशीच भेटला. तिनं रामराम न करता विचारलं, "सायेब, क्युरिंग म्हंजी काय?"

"काय मावशी, तुम्ही मला विचारता?" तो हसला. मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला.

तिनं सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, ती काय समजली, काय झालं. राणीला सांगितलं नव्हतं ते या परक्या पोराला सांगून टाकलं. राहिल ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"शब्द तोच आहे मावशी," तो हळूच म्हणाला. "इंग्रजीत आजार बरा होण्याला क्युअर म्हणतात. डॉक्टर म्हणाले, हा आजार बरा होत नाही."

"आन् आपलं?"

"आपलंही तेच. सिमेंट टिकावं म्हणून करतो ते. वस्तू खराब होऊ नये, टिकावी, म्हणून जे करतात त्याला क्युरिंग म्हणतात. आमचे आजोबा, अल्लाबक्ष, कातड्याचा धंदा करायचे. कातडं आलं की लगेच त्याला मीठ चोळायचे. त्यातलं पाणी सगळं निघून गेलं पाहिजे, नाहीतर सडतं. त्यालाही क्युरिंगच म्हणतात. आपल्याकडे हळद शिजवून वाळवतात, तेही क्युरिंग."

"थांबा," पद्माबाई म्हणाली. "कातड्यातलं पाणी काढायचं?"

"हो."

"आन् कॉलमला पाणी घालायचं?"

"हो."

"आन् दोन्हीला शब्द एकच? एकच काहून? शब्दाचा तुटवडा हाय का त्यायच्याकडं?" तिचा आवाज चढला. रेतीवरच्या बाया वळून पाहू लागल्या. "माझ्या माणसाचं पाणी काढायचं व्हतं, सायेब. मी घातलं. शब्द एकच व्हता म्हनून घातलं!"

राहिल फोनमध्ये काहीतरी शोधत राहिला, शोधल्यानं बरं होणार असल्यासारखं. मग म्हणाला, "लई जुना शब्द आहे मावशी. तिकडं लॅटिन म्हणून भाषा होती, तिच्यातला. त्या भाषेत 'कुरा' म्हणजे काळजी. काळजी घेणं. त्याच्यापासून हे सगळे अर्थ निघाले."



"काळजी तर मी घेतलीच व्हती की वो," ती म्हणाली.

राहिलनं फोन खिशात टाकला आणि दुसरीकडे पाहिलं. मीच तुम्हाला तो शब्द शिकवला, असं त्याला म्हणायचं होतं, पण ते त्याच्यानं झालं नाही. "दोन दिवस घरी राहा मावशी. मी बघतो पाण्याचं," एवढंच तो बोलला. ती राहिली नाही. बारदान भिजवायला निघून गेली.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते पद्माबाईलाच माहीत. आठवड्यातून दोनदा पहाटेच्या गाडीनं हिंगोलीला मशीनवर न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. मधल्या दिवसांत पाण्याची एक छोटी बाटली, तीही अर्धी. त्यातच गोळ्या, त्यातच चहा. माणूस भूक मारू शकतो, कसाही मारतो. तहान मारता येत नाही. रत्नपालची जीभ लाकडासारखी व्हायची. तो चूळ भरायला पाणी मागायचा आणि चूळ गिळून टाकायचा. मग तिनं त्याचं चूळ भरणं बंद केलं, ओल्या फडक्यानं ओठ पुसू लागली, तर तो फडकं दातात धरून चोखायचा. आंघोळ घालताना ती एका हातानं पाणी ओतायची आणि दुसऱ्या हातानं त्याचं तोंड झाकायची. घरातला माठ तिनं इशरतभाभीकडे नेऊन ठेवला. स्वतःला तहान लागली की तिकडे जाऊन, भिंतीआड उभी राहून प्यायची, चोरी केल्यासारखी.

"घोटभर दे," तो म्हणायचा.

"न्हाई."

"जीभ ओली व्हईल एवढंच."

"न्हाई म्हनलं ना."

ज्या तोंडानं 'प्या गुमान' म्हणाली होती, त्याच तोंडानं आता नाही म्हणायचं. एकदा चुकली होती, आता एक थेंब चुकायचं नव्हतं. तो रागानं भिंतीकडे तोंड करून झोपायचा, तीही उपाशी झोपायची. कधी कधी तिला वाटायचं, देऊन टाकावं आणि दोघांनी सुटावं. मग त्या विचाराचीच तिला इतकी भीती वाटायची, की उठून ती त्याच्या छातीला कान लावून घुरघुर येते का ते ऐकत बसायची.

आणि दिवसभर कामावर पाणीच पाणी. गोदामाचा दुसरा स्लॅब नुकताच ओतून झाला होता. तळ्यासारखं पाणी त्यावर उभं असायचं. टँकर येऊन हौद भरायचा. पाइपातून पाणी सुटलं की पद्माबाईला त्याचा आवाजसुद्धा नको व्हायचा. दगडमातीला पोटभर आणि माझ्या माणसाला फडक्यावर! असं तिला वाटायचं, आणि ती दात ओठ खाऊन पाणी मारत राहायची, कारण कॉलम कोरडे ठेवूनही तिच्या माणसाची तहान भागणार नव्हती.

एका दुपारी ती मागच्या बाजूचे कॉलम भिजवून पुढे आली, तर हौदापाशी बाया गोळा झालेल्या. मधे रत्नपाल बसला होता. घरापासून इथवर तो कसा चालत आला असेल कोण जाणे. मातीत मांडी घालून, दोन्ही हातांनी पाइप धरून, डोळे मिटून तो पीत होता. पाणी गळ्यावरून शर्टात चाललं होतं. हौदातलं ते गढूळ, सिमेंटाचे हात धुतलेलं पाणी.

"सोडा!" पद्माबाई धावत आली. "सोडा म्हनते ना!"

त्यानं सोडलं नाही. तिनं पाइप ओढला, त्यानं दातांनी धरून ठेवला. दोघं चिखलात ओढाओढी करू लागली. वीसेक वर्षं फाट्यावरच्या प्रत्येक उतारूला आग्रहानं वाढणारा माणूस, आणि त्याच्या तोंडातून बायको पाणी ओढून घेते आहे. बायांनी तोंडं फिरवली. राहिल धावत जाऊन वरचा व्हॉल्व्ह बंद करून आला, तेव्हा पाइप सुटला.

"वैरीण हायेस तू," रत्नपाल म्हणाला. त्याला दम लागला होता. "वैरीण."

"हाव," पद्माबाई म्हणाली. "हाव मी वैरीण. चला घरी."

राहिलनं आपल्या मोटरसायकलवर दोघांना घरी सोडलं.

संध्याकाळी राणीचा फोन आला. बातमी तिच्यापर्यंत पोचलीच होती. फोनवरून ती बापाला बोलायला लागली. "बाबा, तुमाला कितीदा सांगायचं? तवाबी तुमीच चोरून पेलात, आताबी तेच. मायचे किती हाल करून ठेवलेत..."

रत्नपाल फोन कानाला लावून निमूट ऐकत होता. पद्माबाईनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"राणी, बापाला बोलू नको. तवा मी पाजलं व्हतं."

"काय?"

"मी पाजलं. तांब्यानं. डॉक्टर म्हनले पाण्याकडं लक्ष ठेवा, मला वाटलं लई द्यायचं. ह्यायनी माझ्यासाठी खोटं सांगितलं."

पलीकडून लेकीच्या घरातली भांडी वाजल्याचा आवाज येत होता. मग राणी म्हणाली, "माय, तू जेवलीस का?"

"न्हाई अजून."

"जेव. मी सकाळच्या गाडीनं येते."

पद्माबाईनं फोन ठेवला. रत्नपाल तिच्याकडे बघत होता. "कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. "मी सांभाळलं असतं की." मग म्हणाला, "दुपारी बोललो ते मनावर घेऊ नको."

"न्हाई घेत."

तिनं त्याच्याजवळ बसून त्याचे पाय मांडीवर घेतले. सुजलेल्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. ती एकेक खड्डा भरून यायची वाट बघत बसली.

राणी सकाळी आली. त्याच दिवशी त्याला मशीनवर नेलं, पण मशीन लावल्याबरोबर त्याचा रक्तदाब खाली गेला, मशीन काढावं लागलं. परत लावलं, परत तेच. डॉक्टरीणबाई या वेळी चिडल्या नाहीत. त्यांनी पद्माबाईला बाजूला बसवून घेतलं आणि सगळं सोप्या मराठीत, एकही इंग्रजी शब्द न वापरता सांगितलं. शरीर साथ देत नाही. घरी न्या. जवळची माणसं असू द्या. पद्माबाईला सगळं नीट समजलं. पहिल्यांदाच समजलं, आणि तेव्हा करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्याचं बोलणं थांबलं. श्वास थांबून थांबून येऊ लागला. राणी उशाशी बसून बापाच्या केसांवरून हात फिरवत होती. पद्माबाई त्याचा हात हातात घेऊन बसली होती. दारात शेजारपाजारची माणसं जमली. इशरतभाभी घरातून स्वच्छ घासलेली वाटी घेऊन आली. त्यात पाणी होतं आणि एक चमचा.

"पद्मा, सरक जरा," ती हळू आवाजात म्हणाली. "आदमी को प्यासा नहीं भेजते. दो चमचे डालती मैं."

तिनं चमचा भरून त्याच्या ओठांशी नेला. पद्माबाईनं झटकन तिचं मनगट धरलं.

"नको भाभी. ह्यायला पाणी चालत न्हाई."

इशरतभाभीचा हात तसाच अधांतरी राहिला आणि चमच्यातलं पाणी हलत राहिलं. राणीनं पुढे होऊन आईची बोटं त्या मनगटावरून एकेक करून सोडवली. पद्माबाईनं सोडवू दिली.

"थोडंच द्या," ती इशरतभाभीला म्हणाली. "ह्यायची आजची अर्धी बाटली पेऊन झालीय."